खालच्या मजल्यावरचा आवाज

आमच्या घरमालकांच्या कानाची ख्याती कोल्हापूरच्या साऱ्या राजारामपुरीत होती. अजूनही कुणी जुनं माणूस भेटलं की हमखास म्हणतं, "काय कान होता वो त्या माणसाचा!" मी मान हलवते आणि विषय बदलते. त्यांच्या कानाबद्दल माझी तक्रार नाहीच. पण कान आणि तोंड यांच्या मध्ये माणसाजवळ आणखी काहीतरी असावं लागतं, ते त्यांच्याकडे नव्हतं.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले, उंच, वाळकुडे, मे महिन्यातही अंगात काळा कोट. रस्त्यानं चालताना डोळे अर्धे मिटलेले असत. बघण्याचं काम त्यांनी बहुधा कानांकडेच सोपवलं होतं. दारात कोण आलंय ते खोकल्यावरून सांगत. वर अण्णा आणि काकी राहायचे, खाली भाड्यानं आम्ही तिघं: आई, वडील आणि मी.

कोर्टातल्या नोकरीनं त्यांना कोट दिला आणि शब्दाचा अर्थ शब्दापुरताच घ्यायची खोड दिली. आमच्या भाडेकरारात 'भिंतीला खिळा ठोकायचा नाही' असं कलम होतं. वडिलांनी कॅलेंडर लावण्यासाठी भिंतीत स्क्रू बसवला. अण्णा करार घेऊनच खाली उतरले. स्क्रूवरून बोट फिरवलं, करार वाचला, परत बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्यो स्क्रू हाय. ठोकलेला न्हाई, पिळलेला हाय. करारात बसतंय." आणि वर निघून गेले. आई पदर तोंडाला लावून हसत होती. आम्हाला त्या वेळी ही गंमतच वाटली.

दुसरं वेड नावांचं. कुठल्याही कामामागं माणूस असतो आणि त्याचं नाव चारचौघांत घेतलं गेलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. लग्नाच्या पंगतीत लोक श्लोक म्हणून घासाला हात घालणार, एवढ्यात हे उभे राहत. "मंडळी, ही आमटी गणपा आचाऱ्यानं केलीया. जेवताना ध्यानात असू द्या!" मुलीचा बाप कावराबावरा होई, आणि आतून गणपा फडक्याला हात पुसत दाराशी येऊन उभा राही. गणपतीच्या आरतीनंतर मूर्ती घडवणाऱ्या कुंभाराचं नाव ते घेणारच. लोकांना मजा वाटे. काकी मात्र एकदा आईजवळ म्हणाल्या, "साऱ्या गावाच्या आमटीचं नाव घेत्यात. आमच्या घरातली भाकरी कोण थापतं, ते कधी सांगितलं न्हाई कुणाला."

आता सिनेमाच्या रिळांबद्दल सांगायला हवं.

शहरातल्या एका टॉकीजमध्ये रविवारी सकाळी मुख्य सिनेमाच्या आधी कार्टूनची रिळं लावत. कार्टून परदेशी, पण मुंबईच्या कुणा वितरकानं ती जुनी रिळं घेऊन कोल्हापुरातल्या स्टुडिओत त्यांना मराठी बोलणं बसवून घेतलं होतं. अंगाला घट्ट कपडे, त्यावरून चड्डी, पाठीवर फडफडणारं फडकं असा एक बलदंड माणूस आकाशातून उडत येई आणि दुष्टांना बुकलून काढी. त्याचं मूळ नाव काय होतं देव जाणे. कोल्हापुरात चड्डीतला बलदंड माणूस म्हणजे पैलवानच, तेव्हा तो 'उडता पैलवान' झाला. बोलणं बसवणाऱ्यांनी हौसेनं शड्डूचा आवाजही घातला होता. पडद्यावर पैलवान नुसता हात वर करून उभा असे आणि आवाज मात्र मांडीवर थाप मारल्याचा येई. पब्लिक शिट्ट्यांनी टॉकीज डोक्यावर घेई.

त्या पैलवानाबरोबर एक मुलगा होता. आभाळात पैलवान आला की सगळ्यांच्या आधी त्याला दिसे, आणि तो ओरडे, "वर बघा की!" काय आवाज होता तो! खणखणीत, खट्याळ, थोडा खरखरीत. ते तीन शब्द गावभर झाले होते. आंब्याच्या झाडाखाली पोरं तेच ओरडत, मैदानात कुस्ती चितपट झाली की प्रेक्षक तेच ओरडत. माझे वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क, एरवी मोजकं बोलणारे. पण रविवारी मला ते कार्टून दाखवून आणलं की घरात पाय टाकताच आईसमोर हात उंचावून ओरडत, "वर बघा की!" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसे. ती आमच्याबरोबर कधी आली नाही. अंधारात डोकं दुखतं, म्हणायची.

सुरुवातीच्या पाटीवर वितरकाचं नाव येई, स्टुडिओच्या मालकाचं येई, रिळं धुणाऱ्या लॅबचंही येई. बोलणाऱ्यांपैकी एकाचंही नाव नसे. अण्णांच्या मते ही सरळसरळ चोरी होती. "गळा माणसाचा आणि नाव लॅबचं? दावा लावला तर टिकंल असली केस हाय ही!" दावा कोण लावणार? मग त्यांनी तो आपल्या परीनं लावला. दर रविवारी काळा कोट घालून ते टॉकीजमध्ये जात, डोळे मिटून रीळ ऐकत, आणि रीळ संपून मुख्य सिनेमा सुरू व्हायच्या आत खुर्चीवरून उठत.

"थांबा मंडळी! मुखवट्यातला चोर, आवाज स्टुडिओतले रंगभूषाकार बापू! म्हातारी, आवाज नाटकात लुगडं नेसून काम केलेले तात्या! कुत्रा, आवाज कँटीनचा आचारी शिरपा!"

"अण्णा, बसा की खाली!" मागून कुणी ओरडे. "कोर्ट उठलं की वो!"

पण टाळ्याही पडत. हळूहळू ती घोषणा झाल्याशिवाय ऑपरेटर सिनेमा लावीनासा झाला. शिरपा आचारी म्हातारपणी नातवाला घेऊन केवळ ते ऐकायला येऊन बसे, असं म्हणतात. त्याबद्दल अण्णांना वाईट म्हणणं मलाही जमत नाही.

ही नावं त्यांनी कशी शोधली, तोही एक किस्साच आहे. रिळांत बोलण्यापेक्षा ओरडणं जास्त. साध्या बोलण्याशी ताडून ओरडणाऱ्याचा आवाज ओळखता येत नाही, त्यासाठी माणूस ओरडलाच पाहिजे, असं अण्णांचं शास्त्र. मग ज्याच्यावर संशय त्याला गाठायचं, गोड बोलत जवळ जायचं आणि सगळा भार देऊन त्याच्या पायावर पाय द्यायचा. रंगभूषाकार बापूंना त्यांनी भर बाजारात असं गाठलं. बापू "मेलो, मेलो!" म्हणून एका पायावर नाचले, आणि अण्णा आनंदानं त्यांना मिठी मारून म्हणाले, "तुम्हीच वो तुम्ही! चोर तुम्हीच!" लोक धावून आले. त्यांना वाटलं पाकीटमार सापडला. बापूंनी दोन चापट्या खाल्ल्यावर खुलासा झाला. पुढं अण्णा समोरून येताना दिसले की स्टुडिओतली जुनी माणसं पाय मागे घेऊन उभी राहत.

सगळे आवाज सापडले, मुलाचा सापडेना. अण्णांनी वर्षानुवर्षं शोधलं. तो मुलगा आता बाप्या झाला असेल, आवाज फुटला असेल, तर तो ओळखायचा कसा, या चिंतेनं ते खंगल्यासारखे झाले. मिशा फुटलेल्या किती जणांचे पाय त्यांनी त्या नादात तुडवले असतील! मुलाच्या आवाजात एखादी बाई बोलली असेल, हे एवढ्या मोठ्या कानाच्या माणसाला कधी सुचलं नाही. आणि तो आवाज त्यांच्याच घरात, त्यांच्याच पायाखाली राहत होता. माझी आई हळू बोलायची. हाक मारायच्या ऐवजी ती उठून जवळ यायची. मला तो तिचा स्वभावच वाटे.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मागच्या अंगणात नारळाची दोन झाडं होती, नारळ उतरवायला माणूस चढला होता. अण्णा नेहमीप्रमाणे डोळे मिटून, कशाचा तरी विचार करत झाडाखालून चालले होते. वरून घड सुटला. आई विहिरीजवळ कपडे धूत होती. तिनं वर बघितलं आणि ती ओरडली,

"अण्णा, वर बघा की!"

अण्णा जागच्या जागी थबकले आणि घड त्यांच्या एक पाऊल पुढं दाणकन आदळला. एक नारळ फुटून पाणी त्यांच्या धोतरावर उडालं. दुसरा कुणी असता तर देवाला हात जोडले असते. अण्णांनी ना वर पाहिलं ना खाली. ते आईकडं बघत होते. मी प्रथमच त्यांचे डोळे पूर्ण उघडे पाहिले.

"वैनी," ते म्हणाले, "पोरगं तुम्ही!"

आईच्या हातातलं लुगडं दगडावरून घसरून खाली गेलं.

त्या दुपारी मला सगळं कळलं. आई अण्णांसमोर, काकींसमोर आणि माझ्यासमोर पायरीवर बसून बोलत होती. लग्नाआधीची गोष्ट. तिच्या वडिलांची नोकरी सुटली होती. ते ओळखीनं तिला स्टुडिओत घेऊन गेले, स्वतः दाराशी बसून राहिले, आणि एकच अट घातली, पाटीवर नाव यायचं नाही. पुढं आजऱ्याहून स्थळ आलं. माणसं कडक. पोरीनं उंबरा ओलांडलेला नाही, असं तिच्या वडिलांनी सांगितलं आणि लग्न झालं. ते खोटं तिनं इतकी वर्षं सांभाळलं होतं. आवाज घरात मोठा करायचा नाही हा त्यातलाच भाग.

"ह्यांना म्हाईत न्हाई अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही बोलला तर माझं घर मोडलं म्हणून समजा."

"वैनी, पर ही चोरी हाय. तुमच्या गळ्याची चोरी."

"असू द्या. माझा गळा मीच दिलाया."

अण्णा तळमळत होते. इतक्या वर्षांचा शोध हाताशी आलेला आणि तोंड शिवून घ्यायचं! काकी मध्ये पडल्या. "त्यांनी जीव वाचवलाय तुमचा. एवढं तरी ऐका की." शेवटी अण्णांनी कोर्टात शपथेसाठी धरतात तसा हात वर केला. "दिला शब्द. तुमचं नाव घेणार न्हाई." आईनं त्यांच्या पाया पडण्यासाठी हात पुढं केले. मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं.

पुढच्या रविवारी वडिलांना कचेरीचं काम होतं, ते सिनेमाला गेले नव्हते. अण्णा गेले. रीळ संपलं, अण्णा उठले. नेहमीची नावं घेतली. बापू, तात्या, शिरपा. आणि मग, ज्यांनी ऐकलं त्यांनी मला सांगितलं, अण्णा ओरडले,

"आणि मंडळी, मुलगा! त्याचा आवाज सापडला! शब्द दिलाय म्हणून नाव घेत न्हाई. पर एवढं सांगतो, तो आवाज एका बाईचा हाय, आणि ती बाई माझ्या स्वतःच्या घरात, खालच्या मजल्यावर राहती!"

टॉकीजमध्ये टाळ्यांचा पाऊस पडला म्हणे. अण्णांचं घर कुणाला माहीत नव्हतं? आणि खालच्या मजल्यावर दोन बायका होत्या, त्यांतली एक मी.

सोमवारी वडील कचेरीत गेले. जिन्यावरून वर चढताना वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "साहेब, वर बघा की!" सगळी कचेरी हसली. वाईट हेतूनं नसेल. पण वडिलांना कळेना, हसताहेत का. मग एकानं अभिनंदन केलं. "वैनींनी एवढं नाव काढलं आणि तुम्ही कधी बोलला न्हाई!"

संध्याकाळी ते घरी आले, चपला काढल्या, खुर्चीवर बसले. आरडाओरडा नाही, हात उचलणं नाही. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

"स्टुडिओत गेलतीस ते एक," ते म्हणाले. "ते मी समजून घेतलं असतं, नसतं, काय म्हाईत. पण मी दर रविवारी येऊन तुझ्यासमोर उभा राहून तुझीच नक्कल करायचो. तुला करून दाखवायचो. आणि तू हसायचीस. कशाला हसायचीस गं? मला?"

"न्हाई वो," आई म्हणाली. "बरं वाटायचं."

ते त्यांना पटलं नाही. तिचं ते उत्तर खरं होतं, हे मी शपथेवर सांगेन. आपला आवाज नवऱ्याच्या तोंडून, कौतुकानं, आपल्याच घरात ऐकायला मिळत होता. सुख म्हणून तेवढंच तिच्या वाट्याला आलं होतं. पण वडिलांच्या डोळ्यांसमोर दुसरंच चित्र होतं: आपण माकडासारखे हात उंचावून ओरडतोय आणि दारात उभी राहून ही मनात हसतीय. आजऱ्याहून थोरले काका आले, पोरीच्या बापानं फसवलं म्हणून आमच्या आजोबांचा उद्धार करून गेले. ते जाण्याआधी वडील त्यांच्याशी वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घातला नाही.

त्या दिवसापासून वडील आईशी सरळ बोलले नाहीत. "तुझ्या आईला सांग, भात वाढ." "तुझ्या आईला विचार, किल्ली कुठं हाय." तीन माणसांच्या घरात मी निरोप्या झाले. माझं लग्न होऊन मी गेल्यावर ते भिंतीकडं बघून बोलत, असं आई सांगे. मरेपर्यंत ते तसंच चाललं. दुखण्यात शेवटी शेवटी त्यांनी तिचा हात धरून ठेवलेला मी पाहिलाय, पण शब्द नाही.

महिनाभरातच आम्ही अण्णांची जागा सोडली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा अण्णा फाटकाशी उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी भाव नव्हता. त्यांना खरोखरच काही समजलं नव्हतं.

"वैनी, मी शब्द मोडला न्हाई," ते म्हणाले. "शंभर जणांनी ऐकलंय. विचारा कुणालाबी. नाव घेतलेलं न्हाई."

आईनं हातातलं बोचकं टेम्पोत ठेवलं. वरच्या सज्ज्यातून काकी रडत होत्या. मीच बोलले. मी म्हटलं, "अण्णा, स्क्रू पिळून बसवला तरी भिंतीला भोक पडतंच." त्यांनी डोळे मिटून ते ऐकलं, आणि मला खात्री आहे, ते माझ्या बोलण्याचा अर्थ ऐकतच नव्हते. माझा आवाज आईसारखा आहे का, हे ताडत होते.

नंतरही ते टॉकीजमध्ये जात राहिले. रिळं झिजली, मग टॉकीजनं ती लावणं बंद केलं, घरोघरी टीव्ही आले. अण्णा चौकात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं सांगत, असं कानावर येई. मी त्या बाजूला जात नसे. ते गेल्यावर कुणीतरी कौतुकानं एका स्थानिक पेपरात लेख लिहिला. उडत्या पैलवानाची रिळं, अण्णांचा कान, टॉकीजमधल्या घोषणा, सगळं त्यात होतं. शेवटी चौकटीत कुठला आवाज कुणाचा ते छापलं होतं, ज्याचं त्याचं नाव देऊन. मुलाच्या आवाजापुढं लिहिलं होतं, 'राजारामपुरीतील एका भाडेकरूची पत्नी'.

वडील तोवर गेले होते. आई माझ्याकडे राहायला आली होती. मी तो पेपर तिच्यापासून लपवून ठेवला होता, पण तिला तो सापडला. चष्मा लावून तिनं अख्खा लेख वाचला, मग चौकट वाचली, आणि चौकट पुन्हा एकदा वाचली. ती रडेल असं मला वाटलं.

"नाव घेणार न्हाई म्हणून शब्द दिलता अण्णांनी," ती म्हणाली. "पण त्यांना माझं नाव म्हाईत तरी कुठं होतं? एवढी वर्षं त्यांच्या घरात राहिलो आपण. वैनी म्हणायचे. एकदा तरी विचारलं का, वैनी, तुमचं नाव काय?"

मी पेपर तिच्या हातातून घेतला. पेन आणलं आणि भाडेकरूच्या पत्नीवर काट मारली. "काय लिहू?" मी विचारलं.

तिनं काट मारलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"मथुरा लिही," ती म्हणाली. "लग्नात ठेवलेलं नको."